अन्नाचे गुणांकन, वजन आणि रक्तदाब

बंद पुड्यांतील खाद्यांस शाळकरी मुलांप्रमाणे गुण देण्याची प्रथा आता पुष्कळ देशांत पडली आहे. ऑस्ट्रेलियात २०१४ साली तारे आले, फ्रान्समध्ये २०१७ साली पाच रंगांची अक्षरपट्टी आली. आपल्या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही सप्टेंबर २०२२ मध्ये अर्ध्यापासून पाच ताऱ्यांपर्यंतचा मसुदा प्रसिद्ध केला. उष्मांक, साखर, संपृक्त मेद व सोडियम यांबद्दल गुण कापावयाचे, आणि तंतू, प्रथिने, फळे, भाज्या, कडधान्ये व भरडधान्ये यांबद्दल वाढवावयाचे, अशी त्याची रीत.

माण-खटावच्या ज्वारी-बाजरीस या तराजूत मान मिळतो, ही लहान गोष्ट नव्हे. तासगावच्या बेदाण्याचे मात्र कठीण आहे. हिशेब शंभर ग्रॅमांवर होतो, आणि बेदाण्यात निम्म्याहून अधिक साखरच असते. मग तो कोणी चिमूटभर का खाईना! गुळाविषयी मात्र आपण स्वतःची फसवणूक करून घेऊ नये. तो आपल्या चुलवणावरचा असला तरी मुख्यत्वे साखरच होय.

वजन व रक्तदाब ही जोडी बहुधा बरोबर चढते, म्हणून एकच तारा दोहोंस पुरेल असे वाटते. आमच्या मते ते खरे नव्हे. अमेरिकेतील ‘डॅश’ नामक प्रयोगाचा निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ४५९ प्रौढांस आठ आठवडे नेमका आहार दिला; वजन व मीठ मुद्दाम स्थिर राखले. तरीही फळे, भाज्या व कमी स्निग्धांशाचे दूधदुभते विपुल घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब, नेहमीचे अमेरिकन जेवण जेवणाऱ्यांच्या तुलनेने, सरासरी ५.५ अंकांनी अधिक उतरला. रक्तदाबाचा विकार जडलेल्यांचा तर ११.४ अंकांनी. वजन रेसभरही न घटता हे घडले. उलट, पोटास हलके म्हणून खाल्लेले भडंग उष्मांकांत थोडे असूनही मिठाने भारी असू शकते. यास्तव रक्तदाबाच्या रोग्याने ताऱ्यांवर न विसंबता पुड्यामागील सोडियमची ओळ वाचावी.

लोणचे, पापड, खरडा यांस मात्र ना पुडा, ना तारा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढास दिवसाकाठी ५ ग्रॅमांहून कमी मीठ सांगते. म्हणजे पाच प्रौढांच्या घरास, बाहेरचे खाणे धरून, महिन्यास पाऊण किलोच्या आत. गृहिणीस विचारून हा हिशेब एकदा करून पाहावा. गुरांच्या आंबोणातील मीठ तेवढे वेगळे धरावे.