शरीरात रॉड असेल तर 3 टेस्लाचा एमआरआय जास्त चांगला का?

समजा, तुम्ही मढला राहता. आईच्या मांडीत जुन्या फ्रॅक्चरचा रॉड आहे, आता गुडघा दुखतोय, डॉक्टरांनी एमआरआय सांगितलाय. बोटीने वर्सोव्याला उतरून अंधेरीत चौकशी केली. एका सेंटरचं मशीन 1.5 टेस्ला, दुसऱ्याचं 3 टेस्ला. टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद. 3 म्हणजे भारी, असं वाटणारच. पण धातू आला की गणित फिरतं.

शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन असतो. चुंबकात तो ठरावीक फ्रीक्वेन्सीवर सिग्नल देतो: 1.5 टेस्लाला सुमारे 64 मेगाहर्ट्झ, 3 टेस्लाला 128. मशीन ही फ्रीक्वेन्सी जागेप्रमाणे थोडी थोडी बदलत नेतं आणि त्यावरून सिग्नल कुठून आला ते ओळखतं. फ्रीक्वेन्सी म्हणजे पिनकोडच म्हणा ना!

रॉडमुळे आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र बिघडतं, पिनकोड चुकतो. मढचं पत्र वर्सोव्याला जातं. फोटोत कुठे काळा खड्डा, कुठे पांढरी कड, कुठे हाड वाकडं दिसतं. यालाच आर्टिफॅक्ट म्हणतात.

आता हिशोब बघा. धातूजवळ फ्रीक्वेन्सी दहा लाखांत 5 भागांनी सरकली, तर 1.5 टेस्लाला फरक 320 हर्ट्झ, 3 टेस्लाला 640. एका पिक्सेलच्या वाट्याला 160 हर्ट्झ असतील, तर सिग्नल 2 ऐवजी 4 पिक्सेल भरकटतो. सेटिंग तेच, गोंधळ दुप्पट!

मग 3 टेस्ला बादच? तसं नाही. बँडविड्थ वाढवून, फास्ट स्पिन एको वापरून गोंधळ कमी करता येतो. सेमॅक, मॅव्हरिक अशा खास पद्धतीही आहेत. धातूवरही अवलंबून असतं: टायटॅनियम कमी त्रास देतं, स्टील जास्त. पण रॉडच्या अगदी जवळचं बघायचं असेल, तर बहुतेक वेळा 1.5 बरं पडतं.

सुरक्षेचा प्रश्न मात्र वेगळा. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडर एमआरआय मशीनने खेचून घेतला आणि एका तरुणाचा जीव गेला. म्हणून ऑपरेशनचे कागद, इम्प्लांटचं कार्ड सोबत न्या. तो इम्प्लांट किती टेस्लापर्यंत चालतो, हे तपासू द्या. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, "रॉड आहे, धातूसाठीचं सेटिंग लावता का?"