गलाईवाल्यांचा गाव आणि मुलूख

सोनाराच्या पेढीत मोडीत आलेले दागिने वितळवून त्यातले शुद्ध सोने आणि चांदी वेगळे काढून देण्याच्या धंद्याला गलाई म्हणतात. देशातल्या बहुतेक मोठ्या सराफ बाजारांत हा धंदा सांगली आणि सातारा जिल्ह्यांच्या पूर्व भागातल्या लोकांकडे आहे. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव, खटाव आणि माण हे त्यांचे तालुके. विटा हे या व्यवसायाचे सर्वात परिचित गाव. वडूज, मायणी, कलेढोण या खटाव तालुक्यातल्या गावांतही बाजारच्या दिवशी कोइमतूर, त्रिशूर, कोलकाता, दिल्ली ही नावे शेजारच्या गावांसारखी बोलण्यात येतात.

या स्थलांतराचे मूळ पावसात आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत, तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो आणि तोही भरवशाचा नाही. बाजरी-ज्वारीच्या एका पिकावर भावाभावांत वाटलेली जमीन कुटुंब पोसू शकत नव्हती. काही मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेले, काहींनी झवेरी बाजारातल्या भट्ट्यांवर हात बसवला. 1972च्या दुष्काळाने हा ओघ आणखी वाढवला.

काम कष्टाचे आणि कौशल्याचे आहे. आधी कसोटीवर घासून मालाचा टंच, म्हणजे शुद्धता, पाहतात. मग जुने सोने साधारण तिप्पट चांदीबरोबर मुशीत वितळवून पाण्यात ओततात, त्याचे बारीक रवे होतात. हे रवे नायट्रिक आम्लात, म्हणजे बाजारातल्या तेजाबात, उकळले की चांदी आणि तांबे विरघळते. तपकिरी भुकटीच्या रूपात सोने तळाशी राहते. चांदी पुरेशी नसेल तर आम्ल आतपर्यंत पोचत नाही, म्हणून आधी ती मुद्दाम मिसळावी लागते. भुकटी धुऊन, टाकणखार घालून पुन्हा वितळवली की शुद्ध सोन्याची लगड तयार होते. सोने 1064 अंश सेल्सिअसला वितळते. उरलेल्या आम्लात तांब्याचे पत्रे टाकून चांदीही परत मिळवतात. उकळताना निघणारा तांबूस धूर फुप्फुसांना घातक असतो; अरुंद गल्लीतल्या खोलीत वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली आहे.

या धंद्याचे खरे भांडवल मात्र विश्वास आहे. सराफ लाखोंचा माल अनोळखी माणसाच्या भट्टीवर ठेवतो, आणि त्यातले किती सोने परत आले हे त्याला लगेच दिसत नाही. परक्या शहरात हा विश्वास माणसाच्या गावावरून येतो. पुतण्या काकाच्या दुकानात जातो, दोन-चार वर्षे भट्टी सांभाळतो, तमिळ, मल्याळम किंवा बंगाली बोलायला शिकतो आणि मग दुसऱ्या गावात स्वतःचे दुकान टाकतो. कोणी हातचलाखी केली तर बोभाटा त्याच्या गावापर्यंत पोचतो, सोयरिकीवर परिणाम होतो. त्यामुळे नातेगोते आणि गावकी हीच जामीनदार ठरते.

संघटनांची गरज इथूनच निर्माण झाली. गलाई बांधव ज्या ज्या शहरांत स्थिरावले तिथे त्यांनी मंडळे उभी केली. गणेशोत्सव आणि शिवजयंती हा त्यांचा दिसणारा भाग. आजारपणात पैसा उभा करणे, परगावी वारलेल्या माणसाला गावी पोचवणे, भाषा न येणाऱ्या नव्या पोराला जागा शोधून देणे, हा रोजचा भाग. मोठा प्रश्न पोलिसांचा. चोरीचा दागिना कुणीतरी विकतो, तो फिरत फिरत भट्टीवर येऊन वितळतो आणि तपास करणारे पथक गलाईवाल्याला चोरीचा माल घेतल्याच्या आरोपाखाली उचलते. भारतीय दंड संहितेचे कलम 411 त्यासाठी वापरले जाई. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेतले कलम 317 लागू आहे. परराज्यात एकटा दुकानदार अशा वेळी हतबल असतो. सराफ बाजार, वकील आणि लोकप्रतिनिधींपर्यंत पोचायला संघटनाच लागते.

परमुलखात गेलेल्या व्यापाऱ्यांनी असे संघ उभारणे जगभर घडले आहे. सिंगापूरला फुकियन प्रांतातून आलेल्या चिनी व्यापाऱ्यांचा होक्कियन हुए कुआन हा संघ 1840चा. चिनी व्यापारी मंडळ 1906 साली स्थापन झाले. गाववाल्याला काम, कर्ज, शाळा आणि अंत्यसंस्कार यांची सोय हेच तिथलेही काम होते. तान काह की या रबर उद्योजकाने तिथे कमावलेल्या पैशातून 1921 साली मायदेशी शियामेन विद्यापीठ काढले. गलाईवाल्यांचा पैसाही असाच उलटा वाहतो: देवळांचा जीर्णोद्धार, शाळेच्या खोल्या, बंधारे, तालमी. जत्रेला आणि लग्नसराईत गाव भरते. एरवी अनेक नवे बंगले कुलूपबंद असतात.

कायद्यांनी धंद्याचे रूप वेळोवेळी बदलले. 1968च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोन्याच्या साठ्यावर आणि व्यवहारावर कडक बंधने घातली. तो 1990 साली रद्द झाला. 8 नोव्हेंबर 2016ची नोटाबंदी आणि 1 जुलै 2017 पासूनचा वस्तू व सेवा कर यांनी रोखीचा व्यवहार आकुंचित केला. जून 2021 पासून 256 जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, 1 एप्रिल 2023 पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंकाक्षरी ओळख क्रमांक लागतो. टंच पाहायला आता क्ष-किरण यंत्रे आहेत, त्यामुळे डोळ्याच्या अंदाजाची किंमत उतरली आहे. मोठ्या, प्रमाणित शुद्धीकरण कारखान्यांशी स्पर्धाही वाढली आहे.

दुष्काळी पट्ट्यातही पाणी येऊ लागले आहे. कृष्णेचे पाणी वर उचलणारी टेंभू योजना सांगलीकडच्या तालुक्यांना, तर जिहे-कठापूर योजना खटाव-माणला आधार देते. त्यामुळे गाव सोडण्यामागची सक्ती कमी होत आहे. पण भट्टीवर तयार झालेली पिढी आणि तिचे बाजार अजून टिकून आहेत; पुढची पिढी त्याच शहरांत शिकून दागिन्यांची दुकाने, टंच केंद्रे आणि सराफी व्यापाराकडे वळते आहे.