राष्ट्राचें वचन आणि आपलें शिवार

लोणारचें सरोवर २०२० सालीं रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नोंदलें गेलें, हें वाचकांस ठाऊक आहेच. परंतु आपल्या राष्ट्रानें जगास दिलेलें याहून मोठें एक वचन आहे, व त्याचा संबंध आपल्या बांधाशीं येतो.

हवामानासंबंधींचा पॅरिस करार २०१५ सालीं झाला. भारतानें तो २ ऑक्टोबर २०१६ रोजीं मान्य केला. पुढें २०२२ सालीं भारतानें असें कळविलें कीं, २०३० पर्यंत वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकीं निम्मी क्षमता खनिज इंधनावांचून असेल. हा टप्पा २०२५ सालींच गांठला गेला. तथापि क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. सूर्य मावळला कीं कोळशाचीच भट्टी पेटते. म्हणून ओलिताचा भार दिवसावर आणणें सरकारास इष्ट वाटतें; आणि रात्रीं विंचूसापांच्या भयांत पाणी देणाऱ्या शेतकऱ्यांसही तें इष्टच आहे.

त्याकरितां केंद्राची कुसुम योजना २०१९ सालीं निघाली. राज्यानें २०२३ सालीं सौर कृषि वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा काढला. त्यांत उपकेंद्रानजीकच्या खाजगी जमिनीस हेक्टरीं वार्षिक १,२५,००० रुपये भाडें व प्रतिवर्षीं ३ टक्के वाढ ठरली. २०२४ च्या सौर पंप योजनेंत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, व अनुसूचित जातिजमातींस ५ टक्के ठेवला गेला.

येथें दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, भाडेपट्टा एका पिढीचा असतो. काळी जमीन त्यांत गुंतवूं नये. मुरमाड पडीत द्यावी. सहहिस्सेदारांची लेखी संमति घ्यावी, मुदत व जमीन परत मिळण्याची अट वाचावी आणि सातबाऱ्यावरील इतर हक्कांतील नोंद स्वतः पाहावी. तोंडी आश्वासन दप्तरांत टिकत नाहीं.

दुसरी, सूर्य बिल पाठवीत नाहीं, म्हणून उपसा बेसुमार होण्याचा संभव आहे. आपल्याकडील काळ्या पाषाणांत पाणी केवळ भेगांत व झिजलेल्या थरांत सांठतें. एकानें अधिक ओढलें तर शेजाऱ्याची विहीर खालीं जाते. तेव्हां पंपाच्या अर्जाबरोबरच ठिबक, शेततळें व बांधबंदिस्ती यांचाही विचार करावा.

राष्ट्राचें वचन वायूसंबंधीं आहे. पाण्याचा हिशेब मात्र आपणांसच ठेवावयाचा आहे.