खानावळीची पाटी आणि बारा गाणी

आमच्या घरात गाणे म्हणजे पेटी, ढोलकी आणि टाळ्यांचा ठेका. इंग्रजी रॉक म्हणजे नुसता धांगडधिंगा, असाच आमचा समज होता. गेल्या वर्षी आई गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला आम्ही दोघे भाऊ एकाच मांडवात दोन कोपऱ्यांत बसलो होतो. कारण काय, तर आईची खोली कोणाच्या नावावर करायची! त्यानंतर बोलणेच बंद झाले. अशा दिवसांत एका रात्री कॉलेजात जाणाऱ्या मुलाने मोबाइलवर एक अल्बम लावला आणि म्हणाला, "पप्पा, एकदा ऐका तरी."

अल्बमचे नाव 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल'. अमेरिकेतील 'आर. ई. एम.' या चौघांच्या बँडने तो ऑक्टोबर १९९२ मध्ये काढला. हे चौघे १९८० मध्ये जॉर्जिया राज्यातील अथेन्स या विद्यापीठाच्या गावी एकत्र आले. ठरीव बाजारू चाली सोडून, कॉलेजांच्या रेडिओवरून लोकांपर्यंत पोहोचलेल्या अशा संगीताला 'अल्टरनेटिव्ह रॉक' म्हणतात.

या नावाची हकिकत आम्हाला फार आवडली. अथेन्समध्ये डेक्स्टर वीव्हर या कृष्णवर्णीय गृहस्थांची साधी खानावळ होती. गिऱ्हाइकाने काही मागितले की ते म्हणत, "ऑटोमॅटिक!" म्हणजे मागितले की लगेच हजर. हेच त्यांच्या खानावळीचे ब्रीद होते. बँडने त्यांची परवानगी घेऊन ते अल्बमला दिले. कष्टकऱ्याच्या पाटीवरचे शब्द असे जगभर गेले. अल्बमच्या कोटीहून अधिक प्रती खपल्या.

आमचे इंग्रजी कामापुरते. मुलगा थांबून थांबून अर्थ सांगत गेला. बारा गाण्यांत म्हातारपण आहे, मरण आहे, सरून गेलेले दिवस आहेत. पण रडगाणे नाही. 'एव्हरीबडी हर्ट्स' हे गाणे मुख्यतः बँडचा ड्रमवादक बिल बेरी याने रचले. गंमत अशी, की त्यात ठेका धरते ते यंत्र! शब्द मुद्दाम सोपे ठेवले, कारण ते कोवळ्या वयाच्या, खचलेल्या मुलांसाठी होते. धीर धर, तू एकटा नाहीस, एवढेच त्याचे सांगणे. १९९५ मध्ये ब्रिटनमधील 'समॅरिटन्स' या संस्थेने आत्महत्येच्या विचारात असलेल्या तरुणांसाठी या गाण्याचे शब्दच जाहिरातीत छापले आणि सोबत मदतीचा फोन नंबर दिला. उपदेशाने जे होत नाही, ते सोबतीने होते.

सगळेच आवडले असे मात्र नाही. 'इग्नोरलँड'मध्ये रेगन आणि बुश यांच्या राजवटीवरचा राग आहे. राग खरा आहे, पण गोंगाटात शब्द हरवतात.

आम्हाला हलवले ते 'स्वीटनेस फॉलोज' या गाण्याने. चेलो म्हणजे गजाने वाजवायचे मोठे तंतुवाद्य. त्याचा घोगरा, खोल सूर सुरू होतो. गाण्यात आईवडिलांना मूठमाती देणारी भावंडे आहेत. जो तो आपापल्या संसारात बुडालेला, एकमेकांना दुरावलेला. मुलगा अर्थ सांगता सांगता गप्प झाला. आम्हीही गप्प झालो. समुद्रापलीकडच्या या माणसांना आमच्या मांडवातले दोन कोपरे कसे दिसले?

पुढे 'नाइटस्विमिंग' लागले. नुसता पियानो, आणि मागून हळूच येणारी व्हायोलिने. त्यांची मांडणी 'लेड झेपेलिन' या गाजलेल्या बँडच्या जॉन पॉल जोन्स याने केली आहे. तरुणपणी मित्रांनी रात्री केलेल्या पोहण्याची ही आठवण. आम्हाला गावाकडचा डोह आठवला. पोटाखाली हात धरून दादाने आम्हाला तिथेच पोहायला शिकवले होते. हात कधी काढून घेतला, ते कळलेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही फोन लावला. पलीकडे दादा काही बोलेना.

"दादा, जेवलास का?"

बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "आता बसतोय. तू?"

खोलीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. कागद आहे, सह्या आहेत, त्याला वेळ लागेल. पण आता रविवारी दादा येतो, वहिनी येतात, आणि बोलणे होते.

वाचकहो, गाण्याने भांडण मिटत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. गाणे फार तर मनाची कडी काढते. दार आपणच उघडायचे असते. मुलांच्या कानात काय वाजते, ते एकदा त्यांच्या शेजारी बसून ऐका. न जाणो, त्यात तुमच्याही घरातले काही असेल. आणि ज्या भावंडाशी बोलणे तुटले आहे, त्याने हाक मारण्याची वाट पाहू नका. आपल्या माणसाने हाक मारण्याआधीच हजर व्हावे. खानावळीच्या त्या पाटीचा अर्थ आम्ही तरी असाच घेतला आहे.