तळणीचं उरलेलं तेल: समज आणि वस्तुस्थिती

दिवाळीच्या फराळाचा शेवटचा घाणा निघाला की कढईत अर्धा-पाऊण लिटर तेल उरतं. रविवारी मासळी तळली की तव्यात वाटीभर. पालघर-बोईसरकडच्या बहुतेक घरांत हे तेल एक तर गाळून डब्यात जातं, नाहीतर मोरीत. दोन्हींमागे वर्षानुवर्षांचे काही समज आहेत. आपल्या तब्येतीशी आणि आपल्या खाडीशी त्यांचा थेट संबंध असल्यामुळे ते एकदा नीट तपासायला हवेत.

‘गाळून घेतलं की तेल स्वच्छ होतं’

गाळल्यावर जळके कण निघतात. तेलात झालेला बदल मात्र तसाच राहतो. तळताना उष्णता, हवेतला ऑक्सिजन आणि पदार्थातलं पाणी यांमुळे तेलाचे रेणू तुटतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यातून नवी संयुगं तयार होतात. त्यांना ध्रुवीय संयुगं म्हणजे पोलर कंपाउंड्स म्हणतात. ती तेलात विरघळलेली असल्यामुळे कितीही बारीक फडक्यातून आरपार जातात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, यांची मर्यादा 25 टक्के ठरवली आहे. त्यापुढे गेलेलं तेल स्वयंपाकाला वापरायचं नाही, हा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे.

तरीही गाळायचंच. मागे राहिलेलं पीठ आणि मसाला पुढच्या तळणीत जळतो आणि तेल आणखी लवकर बिघडवतो.

आपल्या किनाऱ्यावर हे विशेष लागू पडतं, कारण इथली तळण बरीचशी मासळीची. बोंबील म्हणजे बहुतांश पाणीच. ते पाणी तापलेल्या तेलात उतरलं की तेलाचं विघटन होऊन मुक्त मेदाम्लं सुटतात आणि पुढच्या वेळी तेल कमी तापमानालाच धुरायला लागतं. जोडीला मीठ, हळद, तिखट आणि तांदळाचं पीठ तळाशी बसून करपतं. बोंबील चिरून पाट्याखाली दाबून ठेवायची घरोघरची जुनी रीत म्हणूनच मोलाची आहे. तिने बोंबील कुरकुरीत होतो आणि तेलही जास्त टिकतं. एवढं करूनही मासळीचं तेल फार दिवस ठेवण्यासारखं नसतंच. मासळीला तेल बेताचंच घ्यावं आणि उरलेलं त्याच दिवशी कालवणाच्या फोडणीला संपवावं, हे उत्तम.

‘एकदा तापलेलं तेल म्हणजे विष’

हे दुसरं टोक, आणि त्यापायी चांगलं तेल फेकलं जातं. पुऱ्या किंवा शंकरपाळ्या मध्यम आचेवर तळून उरलेलं तेल गाळून भाजी-आमटीच्या फोडणीला वापरायला हरकत नाही. एफएसएसएआयचाही घरांना हाच सल्ला आहे: असं तेल एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा, तळणीसाठी पुन्हा पुन्हा तापवणं टाळा आणि कोणत्याही परिस्थितीत तीनदापेक्षा जास्त वापरू नका.

तेल कुठे ठेवता, यालाही महत्त्व आहे. लोखंड आणि त्याहूनही तांबं-पितळ तेलाच्या खवट होण्याला गती देतं. त्यामुळे रात्रभर लोखंडी कढईतच तेल झाकून ठेवण्याची सवय सोडावी. निवल्यावर गाळून स्टीलच्या किंवा काचेच्या कोरड्या बरणीत भरावं आणि ती बरणी शेगडीपासून लांब, अंधारात ठेवावी.

‘काळं पडलं नाही, म्हणजे चांगलं आहे’

रंग फसवतो. तिखट-हळद लावलेल्या मासळीने तेल पहिल्याच वेळी लालसर-काळं दिसतं. उलट साध्या पिठाच्या पदार्थांचं तेल बराच काळ पिवळं दिसूनही आतून बिघडलेलं असू शकतं. रंगापेक्षा खात्रीच्या खुणा वेगळ्या आहेत. नेहमीच्या आचेवर तेल लवकर धुरतं, निळसर-करडा धूर येतो, वर आलेला फेस बसत नाही, तेल दाट होऊन झाऱ्यावरून संथ ओघळतं, कढईच्या कडांना चिकट थर धरतो आणि वास खवट येतो. यातली एक जरी खूण दिसली, तरी ते तेल खाण्याच्या कामातून बाद समजावं.

‘थोडं नवीन तेल ओतलं की जुनं ताजं होतं’

होतं ते उलटंच. खराब संयुगं फक्त पातळ होतात, आणि जुन्या तेलातली ऑक्सिडीकरणाची साखळी नव्या तेलालाही ओढून घेते. चांगल्या तेलाचं आयुष्य त्यात वाया जातं. संध्याकाळच्या वडे-भज्यांच्या गाडीवर कढई कधीच रिकामी होत नसेल आणि तेलाची भर तेवढी पडत असेल, तर तिथे न खाणं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘गरम पाणी आणि साबण टाकून मोरीत सोडलं की निघून जातं’

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. गरम पाण्याने तेल आपल्या मोरीच्या तोंडापासून पुढे सरकतं, इतकंच. पुढे पाणी थंड झालं की ते पाइपाच्या भिंतीला धरतं. सांडपाण्यातल्या कॅल्शियमबरोबर त्याचा साबणासारखा कडक थर होतो आणि त्यात केस, चोथा, प्लास्टिक अडकत जातं. लंडनमध्ये व्हाइटचॅपल भागाखालच्या गटारात 2017 मध्ये असाच सुमारे 130 टन वजनाचा आणि 250 मीटर लांबीचा गोळा सापडला होता. त्याचा तुकडा तिथल्या संग्रहालयात मांडला गेला.

बोईसर परिसरातल्या कितीतरी चाळी आणि इमारती सेप्टिक टँकवर आणि गटारांवर चालतात. सांडपाणी टाकीत जात असेल, तर तेल वर तरंगून साय धरतं. ती साय वाढली की तेल शोषखड्ड्यात उतरतं, तिथल्या मातीची छिद्रं बुजतात आणि पावसाळ्यात टाकी उलटी भरून येते. गटारात सोडलेलं तेल नाल्यातून खाडीकडे जातं. पाण्यावरचा तवंग हवा आत शिरू देत नाही आणि तेल कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं.

इथे हमखास ऐकू येतं: ‘एमआयडीसीचं एवढं रसायन जातंय, आमच्या वाटीभर तेलाचं काय घेऊन बसलात?’ तारापूरच्या प्रदूषणाची तक्रार खरी आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद त्यासाठी राष्ट्रीय हरित लवादात गेली आणि 2022 मध्ये लवादाने भरपाईचे आदेश दिले. ती लढाई मच्छीमारांनी आपल्या पोटासाठी लढली. पण कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी निदान सामायिक प्रक्रिया केंद्र तरी आहे. उघड्या गटारात ओतलेल्या आपल्या तेलाला वाटेत कोणीच अडवत नाही. कारखानदाराला जाब विचारायचा आपला हक्क यामुळे कमी होत नाही, आणि आपली वाटीही माफ होत नाही.

‘मातीत जिरतं, झाडाला घातलं तरी चालतं’

चालत नाही. तेल मातीच्या कणांना वेढतं, मुळांपर्यंत पाणी आणि हवा पोचत नाही, शिवाय मुंग्या-उंदीर येतात. चमचा-दोन चमचे तेल असेल, तर कढई-तवा आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून मगच घासावा. वाटीभर असेल, तर भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा त्यात कालवून कचऱ्यात द्यावं. असा तेलकट भुसा किंवा चिंध्या उन्हात ढीग करून ठेवू नयेत, कारण त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

‘डब्यावाल्याला विकलं की जबाबदारी संपली’

विकत घेणारा ते कुठे नेतो, हाच खरा प्रश्न. वापरलेलं तेल पुन्हा खाण्याच्या बाजारात येऊ नये म्हणून एफएसएसएआयने ऑगस्ट 2018 मध्ये ‘रुको’ हा उपक्रम सुरू केला. दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्या व्यावसायिकांना 1 मार्च 2019 पासून तेलाची नोंद ठेवणं आणि ते अधिकृत संकलकाकडेच देणं बंधनकारक आहे. या तेलावर मिथेनॉल आणि अल्कलीची प्रक्रिया करून बायोडिझेल मिळतं, जोडीला ग्लिसरीन. तेलात पाणी असेल, तर या प्रक्रियेत साबण होऊन नासाडी होते. म्हणून साठवलेलं तेल गाळलेलं आणि कोरडं हवं.

एमआयडीसीच्या वस्तीत आणखी एक काळजी घ्यावी. गाडीचं किंवा मशीनचं जळकं ऑइल वेगळं, ते घातक कचऱ्यात मोडतं. त्याच्या डब्यात खाण्याचं तेल कधीही मिसळू नये, आणि तो डबा धुऊन यासाठी वापरूही नये.

एका घराच्या लिटरभर तेलासाठी संकलक सहसा येणार नाही. वीस-पंचवीस घरांच्या सोसायटीत फराळानंतर एक कॅन सहज भरेल. दिवाळीआधीच्या सभेत हा विषय घ्या, जिन्याखाली झाकणाचा एक कॅन ठेवा, तेल पूर्ण निवल्यावरच त्यात ओता. आणि न्यायला येणाऱ्याकडे अधिकृत संकलक असल्याचा कागद मागा. तो दाखवता येत नसेल, तर त्याने कितीही भाव दिला तरी तेल देऊ नका.