बटण दाबलं आणि जत्रेचे पैसे गेले कुठं?

आज जरा हिशेबाचं बोलूया. आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

आमच्या गटाची मासिक बैठक होती. शेंगदाणा चटणी, पापड आणि मसाल्याच्या विक्रीचा हिशेब आता आम्ही वहीबरोबर लॅपटॉपवर एक्सेलमध्येही ठेवतो. मी सगळ्यांना एकूण विक्री दाखवली. आकडा फारच कमी. एकजण म्हणाली, "अगं, जत्रेत दोन दिवस उभ्या होतो आपण, ते पैसे कुठंत?" सगळ्यांच्या नजरा खजिनदार ताईंकडे वळल्या. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

पैसे बँकेत होते, वहीतही होते. आदल्या दिवशी मी फक्त आठवडी बाजाराची विक्री बघायला एक बटण दाबलं होतं आणि ते तसंच ठेवून फाईल बंद केली होती. फाईल पुन्हा उघडली तरी ते दाबलेलंच राहतं, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

या बटणांना स्लायसर म्हणतात. आहे ती चाळणीच. पण पीठ चाळलं की कोंडा वेगळा होतो, इथं काहीच वेगळं होत नाही. नको त्या ओळी फक्त नजरेआड होतात. बटण सोडलं की सगळं परत दिसतं.

ही बटणं कशी करायची, ते सांगते. आधी एका विक्रीची एक ओळ लिहा. रकाने असे ठेवा: तारीख, महिना, वस्तू, ठिकाण, रक्कम, आणि पैसे 'जमा' की 'उधार'. महिन्याचा रकाना वेगळा हवाच, नाहीतर प्रत्येक तारखेचं वेगळं बटण तयार होतं. मध्ये रिकामी ओळ सोडू नका. नाव नेहमी एकसारखंच लिहा. कुठं 'चटणी' आणि कुठं 'शें. चटणी' लिहिलं, तर एकाच मालाची दोन बटणं होतात आणि विक्री दोन जागी विभागते. वर सात-आठ ओळी मोकळ्या ठेवा.

आता कोष्टकात कुठंही क्लिक करून कंट्रोल आणि टी ही बटणं एकदम दाबा. एक छोटी चौकट येईल, तिथं ओके म्हणा. मग वरच्या इन्सर्टमध्ये जाऊन स्लायसर निवडा. रकान्यांची यादी येते. त्यात ठिकाण, महिना, वस्तू आणि पैसे यांवर खूण करा. बटणांच्या चौकटी येतील, त्या ओढून वरच्या मोकळ्या जागेत ठेवा. कोष्टकाच्या बाजूला ठेवल्या तर ओळी लपल्यावर चौकटीही आक्रसू शकतात.

आता प्रश्न विचारा. 'उधार' दाबा, मग 'दुकान' दाबा. दुकानांकडून किती येणं आहे, ते लगेच समोर येतं. दोन महिने एकत्र बघायचे असतील तर कंट्रोल दाबून ठेवून दोन्ही निवडा. काम झालं की चौकटीच्या वर उजव्या कोपऱ्यात गाळणीचं चित्र आणि लाल फुली आहे, ती दाबा. प्रत्येक चौकटीची वेगळी दाबावी लागते, बरं का.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरच्या मोकळ्या जागेत शेजारी शेजारी दोन बेरजा मांडा. पहिली 'सगळी विक्री'. तिला 'सम' हे सूत्र लावा. ते लपलेल्या ओळीही मोजतं. दुसरी 'आत्ता दिसणारी विक्री'. तिला 'सबटोटल' हे सूत्र लावा, त्याच्या कंसात आधी १०९ हा आकडा, मग स्वल्पविराम आणि मग रकमेचा रकाना. हे सूत्र फक्त दिसणाऱ्या ओळी मोजतं.

दोन्ही आकडे सारखे असले, तर सगळा हिशेब समोर आहे. वेगळे असले, तर कुठलंतरी बटण दाबलेलं असण्याची शक्यता आहे. आधी ते बघा, मगच बोला.

आमच्या गटात आता नियमच आहे. बैठकीच्या सुरुवातीला सगळ्या लाल फुल्या दाबायच्या, दोन्ही बेरजा मोठ्यानं वाचायच्या आणि वहीशी ताळा करायचा. वाचायचं काम दर महिन्याला वेगळ्या बाईकडे. त्यामुळे लॅपटॉपची भीतीही मोडली.

बैठकीत मी खजिनदार ताईंची सगळ्यांसमोर माफी मागितली. त्या हसल्या, पण म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी मशीनला विचारा, मग मला." मैत्रिणींनो, पैशाचा हिशेब पुन्हा जुळवता येतो. माणसावरचा विश्वास उडाला, तर तो जुळवायला फार वेळ लागतो.