दार कोणाचं ठोठवायचं?

सर्वेक्षण म्हटलं की आपण लगेच प्रश्नावली लिहायला बसतो. मी म्हणतो, थांबा. आधी ठरवा, विचारणार कोणाला?

समजा, मुलांना वाचता येतं का, हे शोधायचंय. शाळेत गेलात तर त्या दिवशी हजर असलेलीच मुलं भेटणार. गैरहजर राहिलेली, शाळा सोडलेली मुलं यादीत येतच नाहीत. म्हणजे ज्यांची काळजी, तीच गायब! 'प्रथम' संस्थेच्या 'असर' सर्वेक्षणाने २००५ पासून सरळ घर गाठलं. गावाचे चार भाग करायचे आणि प्रत्येक भागात दर पाचवं घर घ्यायचं, अशी वीस घरं. सोयीचं, ओळखीचं घर निवडायला वावच नाही. आणि 'वाचता येतं का?' असं आईला विचारत नाहीत. मुलाच्या हातात कागद देतात: अक्षरं, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीचा उतारा. मत वेगळं, ज्ञान वेगळं. आम्ही तत्त्वज्ञानवाले हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहितो, इथे ते ओसरीवर दिसतं.

माझ्या एका विद्यार्थ्याने शिक्षकांना विचारलं होतं, 'वर्गात मुलांना प्रश्न विचारू देता का?' शंभर टक्के होकार! मीही प्रबंधावर सही केली. आजही ते टोचतं.

अर्थात घरोघरी जाऊनही सगळं हाती लागतं असं नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या दाराला कुलूप असतं. शेजारच्या घरात शिरून संख्या भरून निघते, पण त्या कुलपाची नोंद वहीत झालीच पाहिजे.